फुगडीतली न दिसणारी

आशामावशी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती आणि आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहून विज्ञान प्रदर्शनाचं भाषण म्हणून दाखवत होतो. "या जोडताऱ्यातून अचानक खूप एक्स-रे बाहेर पडतात" या वाक्यापाशी आलो आणि तिचं सूप थांबलं.

"ताऱ्याले का झालं व?"

"कुठी का झालं, माय?" संघप्रिया म्हणाली.

"मंग एक्सरे काऊन काढाले लागला त्याचा?"

संघप्रिया इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसका लागला तशी मावशी सूप टाकून पाण्याचा गिलास घेऊन धावली. तांदूळ सांडले, कोंबड्या आल्या, आणि माझं भाषण तिथंच राहिलं. त्या घरात ठसका कुणी साधा समजत नसे.

संघप्रिया म्हणजे आशामावशीची एकुलती एक लेक आणि माझी मैत्रीण. आमच्या दोन घरांच्या मधे कुडाची एक भिंत, तीही निम्मी पडलेली, त्यामुळे ही दोन घरं की एक, हे पोस्टमनलाही नीट माहीत नव्हतं. सिंदेवाहीच्या शाळेत दोघी दहावीला, जायचं-यायचं एकाच एसटीने. खरं तर ती माझ्याहून वर्षाने मोठी. दुखण्यात तिचं एक वर्ष गेलं आणि ती माझ्या बाकावर येऊन बसली. "मी तुयासाठी मागं राह्यली," असं ती साऱ्या वर्गाला सांगायची, जसे काही माझ्यावर उपकारच केले.

दुखणं म्हणजे सिकलसेल. आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमधे अडकून बसतात, आणि मग दुखतं. कसं दुखतं ते मी नाही सांगू शकत. ती म्हणायची, "हाडात उखळ मांडून कोणी धान कांडून राह्यलं असं वाटते." महिने-महिने काही नसतं. पोरगी हसते, खिदळते, दुसऱ्याच्या डब्यातलं खाते. मग एक दिवस थंडी लागते, नाहीतर ताप येतो, नाहीतर काहीच कारण नसतं, आणि उठतं. शाळेत सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा माझ्याही रक्तात सिकल निघाला, पण अर्धा. अर्धावाल्याला सहसा काही होत नाही. तिचा पूर्ण. "तू हाफ तिकीट, मी फुल तिकीट," ती म्हणायची. "बसाची जागा सारखीच, काऊन घाबरतं?"

आता माझं सांगते. आज मला ओळखणाऱ्यांना पटणार नाही, पण मागच्या वर्षापर्यंत मी बोलत नसे. घरात बोलायचे, संघप्रियाशी बोलायचे, बाकी सगळीकडे मी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. हजेरीला "हजर" म्हणताना माझा आवाज फुटायचा नाही, तेव्हा तीच दोनदा "हजर" म्हणायची, एकदा तिचं आणि एकदा माझं. ती मात्र चौदा एप्रिलला विहारासमोर माईक धरून असं भाषण ठोकायची की म्हातारे लोक चष्मे काढून डोळे पुसायचे.

तर जुलै महिन्यात विज्ञानाच्या मंजुषा मॅडम वर्गात आल्या आणि त्यांनी टीव्हीवर एक चित्र दाखवलं. मोठा पिवळा तारा, त्याच्यातून धुराची वेल निघाल्यासारखी निघालेली, आणि ती वेल जाऊन एका गोल चकतीत शिरलेली. चकतीच्या मधोमध काहीच नाही. काळं.

"हे दोघं जोडीदार आहेत," मॅडम म्हणाल्या. "एक जिवंत तारा. दुसरा कधीकाळी तारा होता, आता मेलाय. कृष्णविवर झालाय. तो दिसत नाही, पण ओढतो. जिवंत ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू एकदम आत पडत नाही, भोवती चकतीत साचत जातो. वर्षानुवर्षं साचतो. आपल्या बांधीत पाणी कसं भरतं? भरतं, भरतं, धुऱ्याला लागतं, तोपर्यंत सगळं शांत. आणि मग?"

"धुरा फुटते!" अख्खा वर्ग ओरडला. बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध; धानाच्या गावातल्या पोरांना हे विचारावं लागतं का?

"तसंच. चकती तापते आणि सगळा साठा एकदम आत धावतो. पडता पडता इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. याला म्हणतात उद्रेक. हंस तारकासमूहातली एक जोडी सव्वीस वर्षं गप्प होती. दोन हजार पंधराच्या जूनमध्ये उसळली. जगभरातल्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पण ते एक्स-रे जमिनीवरून दिसत नाहीत, आपली हवा अडवते. वर, अंतराळात दुर्बीण ठेवावी लागते."

मग त्यांनी सांगितलं की ती जोडी इतकी लांब आहे की तो उजेड निघाल्यावर आपल्यापर्यंत यायला सात-आठ हजार वर्षं लागली.

"म्हंजे," संघप्रिया बसल्या जागेवरून बोलली, "दुखून गेलं कवाच. आपल्याले आता समजून राह्यलं."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. तसंच. आता मला सांगा, मेलेला दिसत नाही, मग तो आहे हे कळलं कसं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, तेव्हा मॅडमच पुढे म्हणाल्या,

"जिवंत तारा डुलतो. रिकाम्या जागेभोवती गोल फिरतो. का फिरेल?"

"मॅडम!" संघप्रिया उभीच राहिली. "फुगडी!"

वर्ग हसला. ती नाही हसली. "खरंच ना, मॅडम. दोघी फुगडी घालून राह्यल्या, अन् एक अंधारात हाय. दुसरीले पाहून समजते ना! थे मागं झुकून राह्यते आणि पडत नाई. एकटी पोट्टी तशी झुकली तर पाठीवर पडन धप्पकन. पडत नाई म्हंजे कोणीतरी हात धरला हाय."

मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. मी पाहत बसतो ना नेहमी."

ते मात्र खरं होतं. नागपंचमी असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, आम्ही फुगड्या घालायचो आणि ती चपलांजवळ बसून पाहायची. धाप लागते म्हणून मावशीने तिला लहानपणापासून फुगडी घालू दिली नव्हती. एकदाही नाही.

तिचा दुसरा प्रश्न लगेच तयार होता. "मॅडम, मेलेला इतका ओढते, तर जिता पळून काऊन नाई जात?"

"हात धरलाय ना," कुणीतरी म्हणालं.

सगळे मागे वळून माझ्याकडे पाहायला लागले तेव्हा मला कळलं की ते मी म्हणाले होते. वर्गात, मोठ्याने. संघप्रियाने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की कळ मस्तकात गेली. "बोलली!" ती ओरडली. "कॅलेंडर बोललं!"

त्याच दिवशी तिने ठरवून टाकलं. तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही दोघींनी हा जोडतारा मांडायचा. पुठ्ठ्याचा नाही, आमचा आमचा. मी पिवळा ड्रेस घालून जिवंत तारा, ती काळे कपडे घालून, काळी ओढणी उन्हात बांधतो तशी पूर्ण तोंडाला बांधून, न दिसणारी. माझ्या कमरेला एक लांब पिवळी ओढणी, तिचं दुसरं टोक तिच्या हातात. आणि फुगडी.

"अन् भाषण तू देजो," तिने सांगितलं.

"मी? पागल झाली का? तू दे."

"मी तर दिसतच नाई. न दिसणारा बोलते कुठी? आणि मी प्रदर्शनाच्या दिवशी उठून बसन का खाटेवर पडून राहीन, कोणाले माहीत? तुले भाषण यालेच पाह्यजे."

मग माझी शिकवणी सुरू झाली. पहिल्यांदा त्यांच्या म्हशीसमोर भाषण. म्हैस रवंथ करत पूर्ण ऐकायची, कधी जांभई नाही दिली, इतका चांगला श्रोता मला अजून भेटला नाही. मग एसटी थांब्यावरच्या बायांसमोर. मग भर एसटीत कंडक्टरसमोर, ज्यांनी शेवटी "पोट्टे, कृष्णविवर उतरा, सिंदेवाही आली," असं म्हणून सारी गाडी हसवली. आणि प्रत्येक वेळी मी अडखळले की संघप्रिया मागून कुजबुजायची, "झुक. मी धरून हाय."

एकदा मला भाषणासाठी वाचताना नवीन माहिती सापडली. "अव, इथी लिहिलंय न दिसणारा खूप जड असते. दिसणाऱ्याहून कितीतरी पट. तू तर चिमणीएवढी. उलटं होऊन राह्यलं."

"उलटं कुठी?" ती म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यात जड मीच. माय मायाभोवती फिरते, बाबा मायाभोवती फिरते. डॉक्टर, सूप, म्हैस, सगळे फिरतात. मी दिसतो तरी का त्याइले? मायं दुखणं दिसते." मग लगेच हसून, "तू पाहतं म्हणून दिसतो."

फुगडीला मावशी तयार होईना. "भाषण कर, चित्र काढ, का करा लागते थे कर. फुगडी नाई." संघप्रियाचे बाबा, लटारूकाका, भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचे. ते म्हणाले, "तुमच्या दोघीच्या मधात मी नाई पडत," आणि खरंच नाही पडले. शेवटी मंजुषा मॅडम स्वतः घरी आल्या, डॉक्टरांना विचारून आल्या. हळू, दोन फेरे, आधी पाणी, नंतर पाणी, दुखत असेल तर अजिबात नाही. मावशीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"दोन," ती म्हणाली. "तिसरा नाई. अन् मी येतो पाहाले."

तालुक्याला आम्ही काय धमाल केली ते सांगायला मला एक वेगळी गोष्ट लिहावी लागेल. हॉलमध्ये सगळीकडे पवनचक्क्या आणि ज्वालामुखी. आमच्या टेबलावर काहीच नाही, फक्त आम्ही. मी बोलले. मी! आवाज फुटला, थरथरला, मग सुरळीत झाला, मग थांबेचना. मग आम्ही हात धरले. तिचे हात नेहमी थंड असायचे, मे महिन्यातसुद्धा. पकड मात्र अशी की बोटं लाल व्हायची. मी मागे झुकले, ती मागे झुकली, आणि मधली पिवळी ओढणी गोल गोल.

"एक!" मागून मावशीचा आवाज. सगळ्या हॉलमध्ये घुमला. "दोन! बस! बस म्हणतो ना मी!"

लोक टाळ्या वाजवत हसत होते. आम्ही थांबलो. काळ्या ओढणीतून संघप्रियाचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे मी आधी कधी पाहिले नव्हते. सोळा वर्षांची पोरगी पहिल्यांदा फुगडी घालते तेव्हा असे होतात डोळे.

पहिला नंबर आला. जिल्ह्याला निवड झाली, चंद्रपूर, जानेवारीत. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मावशी पुढच्या सीटवर.

"तिसरा राह्यला," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तिसरा फेरा. चंद्रपुरात घालू. माय बस म्हणाच्या आधी."

"मी ऐकून राह्यलो," पुढून मावशी म्हणाली.

यानंतर ती कुठेही भेटली की तीन बोटं दाखवायची. वर्गात, विहारात, कुडाच्या भिंतीवरून. तीन बोटं.

डिसेंबरात धान कापणी झाली आणि थंडी पडली. आमच्याकडे थंडी जंगलातून येते, सकाळी बांध्यांवर पांढरं धुकं पसरलेलं असतं. एका दुपारी ती शाळेत बाकावर वाकली आणि माझा हात धरला. "खुशबू," ती म्हणाली, "उद्रेक." हा शब्द तिने आता दुखण्यासाठीच ठेवून घेतला होता, आणि एरवी आम्ही त्याला हसायचो. त्या दिवशी हसलो नाही. अंगात ताप होता, छातीत दुखत होतं. सिंदेवाहीच्या दवाखान्यातून तिला गाडीने चंद्रपूरला नेलं.

रविवारी मी माझ्या बाबांबरोबर रेल्वेने भेटायला गेले. तिच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. लटारूकाका पायाशी बसून तिचे तळवे चोळत होते. मावशी खिडकीपाशी उभी होती, हातात तिच्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरून. मी जवळ गेले तर म्हणाली, "इथी काळं असाले पाह्यजे म्हणते डॉक्टर. हवा असली का काळं दिसते. पाह्य तू. मले तर सारं पांढरंच दिसून राह्यलं."

मी पाहिलं. खालचा भाग पांढरा होता. ढगासारखा.

"ताऱ्याचा काढते तवा चांगलं दिसते का व?" मावशीने विचारलं.

संघप्रियाने मास्क जरासा उचलला. "पाह्य," ती म्हणाली, प्रत्येक शब्दाला थांबत, "आता मीच एक्सरेवाला तारा." मग, "बोलजो. कॅलेंडर नको होऊ." मावशीने मास्क परत नीट केला. मास्कच्या आतून ती हसत होती की नाही मला कळलं नाही, काचेसारखं ते प्लास्टिक वाफेने भरलं होतं. चादरीवर तिचा हात होता. तीन बोटं वर केली तिने.

बुधवारी भूगोलाच्या तासाला मंजुषा मॅडम दाराशी आल्या. त्यांचा तास नव्हता. त्या आत आल्या नाहीत, नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांना त्यांनी नंतर सांगितलं असेल. मला सांगावं लागलं नाही.

पांढरे कपडे घालून सगळी वस्ती आली. त्रिशरण, पंचशील झालं. पांढऱ्या फुलांच्या मधे ती इतकी लहान दिसत होती की कुणाचंही लक्ष दुसरीकडे जात नव्हतं. आता कोण म्हणेल ती दिसत नाही म्हणून. बाया रडत होत्या, माझी आई रडत होती, लटारूकाका विहाराच्या खांबाला धरून रडत होते. मावशी रडली नाही. नंतरच्या जलदान विधीलाही नाही. आलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं, जेवायला वाढलं, भांडी घासली. बाया आपसात म्हणायच्या, "आशाबाई रडली नाई. असं चांगलं नाई, बाई."

आणि मी परत कॅलेंडर झाले. हजेरीला माझं नाव यायचं, मी गप्प. आता "हजर" म्हणणारं कुणी नव्हतं. सर मान वर करून पाहायचे आणि टिक करायचे.

मॅडमनी मला बोलावून विचारलं. चंद्रपूरला जायचं की नाव काढायचं? "मयुरी तयार आहे तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. आमच्या वर्गातली मयुरी चांगली मुलगी आहे, खरंच. शाळेच्या मागे आम्ही एकदा हात धरून पाहिले. तिचे हात उबदार होते. मी झुकूच शकले नाही. नुसती उभी राहिले. तिने "अगं झुक ना," म्हटलं आणि मी हात सोडून घरी आले.

त्या संध्याकाळी मावशी कुडाच्या भिंतीपलीकडून आमच्या अंगणात आली. माझ्यासमोर बसली. जेवली का वगैरे काही विचारलं नाही.

"तुया फुगडीनं नाई गेली थे," ती म्हणाली. "डॉक्टरले मी स्वता विचारलं. थंडीनं छाती धरली. फुगडी तर कवाची होऊन गेली होती. समजलं का?"

मी मान हलवली. मनातली ती भीती मी कुणालाही बोलून दाखवली नव्हती. तिला कसं कळलं?

"चंद्रपूरले जाजो."

"एकटीने फुगडी होत नाही, मावशी."

"मले माहीत हाय होत नाई. तरी जाजो. माया पोरीनं तुले म्हशीसमोर उभं करून बोलाले शिकवलं, थे काय घरात बसाले?" मग उठता उठता म्हणाली, "मी नाई येत पाहाले. मले नाई जमत."

गेले मी. पिवळा ड्रेस घातला, कमरेला पिवळी ओढणी. तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं, मॅडम मागून उचलून धरत होत्या. हॉल केवढा मोठा! संपूर्ण जिल्ह्याच्या शाळा. तीन परीक्षक आमच्या जागेपाशी आले, मधले पांढऱ्या केसांचे.

मी बोलले. सगळं बोलले. बांधी, धुरा, चकती, हंसातली जोडी, सव्वीस वर्षांची शांतता. आवाज एकदाही थरथरला नाही. मागून कुणी कुजबुजत नव्हतं तरी मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबत होते, सवय.

"आणि न दिसणारा आहे हे कसं ओळखतात, ते इथं फुगडीतून दाखवणार असं लिहिलंय," पांढऱ्या केसांचे सर म्हणाले. "जोडीदार कुठे आहे तुझी?"

"ती वारली, सर. डिसेंबरात."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मग नुसतं सांग बाळ. चालेल."

"नाही सर. करून दाखवते."

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मी मधल्या जागेत जाऊन उभी राहिले. हात छातीशी धरून सरळ एक फेरा घेतला. "हा एकटा तारा," मी म्हटलं. "सरळ उभा फिरतो. याच्याकडे पाहून दुसरा असेल असं वाटत नाही." मग हात पुढे केले. बोटं वाकवली, जशी तिच्या बोटांभोवती वाकायची. "आणि हा जोडीतला. हा झुकतो." आणि मी झुकले. पूर्ण. तिच्याबरोबर झुकायचे तशी, भीती न ठेवता.

धप्पकन पडले. पाठीवर. कोपर फरशीवर आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारच्या टेबलावरची पोरं हसली. मॅडम धावल्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि उठून उभी राहिले.

"सर," मी म्हटलं, "मी पडले. म्हणजे माझे हात कुणी धरलेले नाहीत, हे तुम्हाला कळलं. हंसातला तो तारा केव्हाचा झुकलेला आहे. दिवस-रात्र झुकलेला आहे. तो पडत नाही. म्हणून आम्हाला कळतं की दुसरा तिथं आहे."

एवढंच होतं भाषणात. पुढचं "धन्यवाद" मी विसरले. पांढऱ्या केसांच्या सरांनी चष्मा काढला, परत लावला. हसणारी पोरं गप्प झाली होती.

बक्षीस मिळालं नाही. सौरऊर्जेवर चालणाऱ्या फवारणी पंपाला मिळालं. पंप चांगला होता, मी हात लावून पाहिला. येताना मूल गावाच्या पुढे जंगलातून एसटी चालली होती आणि मॅडमनी माझ्या कोपराला रुमाल बांधला.

घरी पोचले तेव्हा दिवस बुडायला आला होता. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. कुडाच्या पडक्या जागेतून तिने मला पाहिलं, रुमाल पाहिला, आणि सूप खाली ठेवलं.

"पडली का व?"

"पडली."

"कितव्या फेऱ्याले?"

मला वाटलं होतं ती कोपराचं विचारेल. मी म्हटलं, "दुसऱ्या."

"म्हंजे तिसरा राह्यलाच."

ती उठली. पदर कमरेला खोचला. अंगणाच्या मधे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. धान कापून कापून चिरलेले हात, सुपाच्या कोंड्याने पांढरे झालेले. मी तिच्याकडे नुसती पाहत राहिले.

"ये," ती म्हणाली. "मले कोणती लाज हाय आता."

मी हात धरले. थंड होते. अगदी तसेच थंड, आणि पकड अशी की बोटं लाल झाली. हे कुणाचं कुणाकडे आलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मी मागे झुकले. ती पण झुकली, जड अंगाने, डोळे मिटून. अंगण फिरायला लागलं, म्हैस, चूल, कुडाची भिंत, म्हैस, चूल. मी पडले नाही.

"तीन," मावशी म्हणाली.

मी "बस"ची वाट पाहत होते. ती म्हणालीच नाही. आम्ही फिरतच राहिलो, तोल जाईपर्यंत, धाप लागेपर्यंत, आणि मग ती फिरता फिरता तशीच खाली बसली आणि तिच्यातून आवाज निघाला. इतके दिवस ज्याची सगळ्या बाया वाट पाहत होत्या तो. कोंबड्या उडाल्या. रस्त्यावरून जाणारे थांबले. माझी आई चुलीवरचं टाकून धावत आली आणि पडक्या भिंतीपाशीच उभी राहिली.

मी मावशीसमोर बसले होते. हात मी सोडले नाहीत.